दोन ग्राफिक्स कार्डे आणि विजेचा हिशेब

(वर्धा जिल्ह्यातील शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या वीजवापराच्या पद्धती हा अभियंत्यांचा प्रांत आहे. मुख्याध्यापकाला किंवा सरपंचाला त्याच्याशी काय कर्तव्य? परंतु शाळेच्या कपाटात आणि पंचायतीच्या टेबलावर असलेला लॅपटॉप हा सार्वजनिक पैशातून आलेला आहे. तो किती वर्षे चालेल आणि वीज गेल्यावर किती वेळ तग धरील, हा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे. त्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या लहानशा विषयात दडलेले असते, म्हणून मी तो आज आपल्यासमोर मांडीत आहे.

प्रश्न कसा उद्भवला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ ही पुढील कार्यप्रणाली अनेक जुन्या लॅपटॉपना स्वीकारीत नाही. यंत्र धडधाकट आहे, कळफलक व पडदा ठीक आहे, परंतु कार्यप्रणाली जुनी झाली, अशी अवस्था झाली. अशा वेळी लिनक्ससारखी मुक्तस्रोत कार्यप्रणाली हा एक रास्त मार्ग आहे. तिला परवाना शुल्क नाही, तिच्यात मराठीत टंकलेखन करता येते आणि जुन्या यंत्रावरही ती सुखाने चालते. केंद्र शासनाने २०१५ मध्येच शासकीय कामकाजात मुक्तस्रोत प्रणालींचा अवलंब करण्याचे धोरण जाहीर केले आहे. सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणालीही उपलब्ध आहे.

परंतु लिनक्स बसविल्यानंतर काही ठिकाणी एक तक्रार हमखास कानी येते. पूर्वी चार-पाच तास चालणारी बॅटरी आता दोन-अडीच तासांत संपते, लॅपटॉपचे बूड तापते, पंखा थांबतच नाही. मग निष्कर्ष निघतो की, “फुकटची वस्तू शेवटी फुकटचीच!” आणि यंत्र पुन्हा कपाटात जाते. ज्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डे असतात, त्याच्या बाबतीत हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. दोष कार्यप्रणालीत नसतो. दुसरे कार्ड विनाकारण जागे राहिलेले असते.

दोन कार्डे कशासाठी?

पडद्यावर अक्षर, चित्र किंवा चित्रफीत उमटविण्याचे काम ग्राफिक्स विभाग करतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये हा विभाग मुख्य प्रोसेसरच्या पोटातच असतो. त्याला आपण अंतर्गत ग्राफिक्स म्हणू. तो थोड्या विजेवर चालतो आणि पत्र लिहिणे, हिशेबाचे तक्ते करणे, संकेतस्थळ उघडणे, चित्रफीत पाहणे ही कामे सहज करतो. काही लॅपटॉपमध्ये याखेरीज एनव्हिडिया किंवा एएमडी कंपनीचे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असते. चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय आराखडे, मोठे खेळ अशा जड कामांसाठी ते असते. खरेदी करताना “थोडा वरचा घ्या” असे म्हटले की बहुधा असा दोन कार्डांचा लॅपटॉप हाती येतो.

घरी मोटारसायकल आणि ट्रॅक्टर दोन्ही असले, तर बाजारातून पावशेर मिरची आणायला कोणी ट्रॅक्टर काढीत नाही. परंतु मोटारसायकलवर बाजारात जाताना अंगणात ट्रॅक्टरचे इंजिन चालूच ठेवले तर काय होईल? नेमके तेच या लॅपटॉपमध्ये घडते. काम अंतर्गत ग्राफिक्स करीत असतो आणि स्वतंत्र कार्ड काहीही न करता वीज पीत बसते.

याचा हिशेब सोपा आहे. उदाहरणादाखल धरू की बॅटरीची क्षमता ४८ वॉट-तास आहे आणि साधे काम करताना लॅपटॉप ८ वॉट वीज घेतो. ४८ भागिले ८, म्हणजे ६ तास. आता स्वतंत्र कार्ड जागे राहून आणखी ८ वॉट घेऊ लागले, तर एकूण १६ वॉट झाले आणि बॅटरी ३ तासांवर आली. प्रत्येक यंत्राचे आकडे निराळे असतील, परंतु हिशेबाची रीत हीच.

आपल्या जिल्ह्यात या हिशेबाला विशेष महत्त्व आहे. १ मेची ग्रामसभा भरते तेव्हा वर्ध्याचे ऊन ऐन भरात असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. सभा कधी शाळेच्या व्हरांड्यात, तर कधी देवळाच्या सभामंडपात भरते. जवळ विजेचे बटण असेलच असे नाही. बाहेरची उष्णता आणि आतल्या कार्डाची उष्णता एकत्र झाली की बॅटरीचे आयुष्यही घटते, कारण लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. म्हणजे त्या दिवसाच्या गैरसोयीबरोबरच पुढील वर्षी नव्या बॅटरीचा खर्चही पदरात पडतो.

अडचणीचा इतिहास

ही अडचण लिनक्समध्येच का यावी? त्याला कारण आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये एनव्हिडियाने ‘ऑप्टिमस’ नावाची योजना जाहीर केली. साध्या कामाला अंतर्गत ग्राफिक्स वापरावा, जड कामाला स्वतंत्र कार्ड जागे करावे आणि काम संपताच त्याला झोपवावे, अशी ती योजना. विंडोजमध्ये कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालविणारी प्रणाली, ही निवड आपोआप करीत असे. लिनक्ससाठी तशी सोय कंपनीने आरंभी दिली नाही आणि ड्रायव्हरची संहिताही खुली केली नाही. त्यामुळे जगभरच्या लिनक्सकारांना स्वतःच मार्ग काढावा लागला. त्याच वर्षी लिनक्सच्या २.६.३४ या आवृत्तीत कार्डांची अदलाबदल करण्याची पहिली सोय आली. २०११ मध्ये स्वयंसेवकांनी ‘बंबलबी’ नावाचा प्रकल्प उभारला आणि अनेकांची गरज भागविली. जून २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना याच अडचणीविषयी प्रश्न विचारला गेला, तेव्हा त्यांनी कंपनीच्या असहकाराबद्दल अत्यंत कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली.

पुढे परिस्थिती सुधारली. २०१९ मध्ये कंपनीच्या ड्रायव्हरमध्येच एखादा निवडक कार्यक्रम स्वतंत्र कार्डावर चालविण्याची सोय आली. मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कार्यप्रणालीच्या गाभ्यात बसणारा भाग नव्या कार्डांपुरता खुला केला. एएमडीच्या कार्डांचा ड्रायव्हर तर लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे आणि काम नसताना तो कार्डाला बहुधा आपोआप झोपवितो. म्हणून आज आपल्याला जी काळजी घ्यावयाची आहे ती मुख्यतः एनव्हिडिया कार्डांच्या बाबतीत.

तीन पद्धती

उबुंटू आणि त्यावर आधारलेल्या लिनक्स मिंटसारख्या प्रणालींत यासाठी ‘प्राइम-सिलेक्ट’ नावाचे साधन मिळते. त्यात तीन पद्धती आहेत.

पहिली अंतर्गत पद्धत. हिच्यात स्वतंत्र कार्ड पूर्णपणे बाजूला ठेवले जाते. बॅटरी सर्वांत अधिक चालते. पंचायतीचे दाखले, ई-ग्रामस्वराजवरील नोंदी, शाळेची पटसंख्या आणि पत्रव्यवहार यांसाठी ती पुरेशी आहे.

दुसरी मागणीनुसार चालणारी पद्धत. हिला ‘ऑन-डिमांड’ असे नाव आहे. पडदा अंतर्गत ग्राफिक्स सांभाळतो. एखादा कार्यक्रम मात्र मुद्दाम स्वतंत्र कार्डावर उघडता येतो. काही प्रणालींत कार्यक्रमाच्या चिन्हावर उजवी कळ दाबली की तसा पर्याय दिसतो.

तिसरी कार्यक्षमतेची पद्धत. हिच्यात सर्व काम स्वतंत्र कार्डच करते. वीज सर्वांत अधिक लागते. लॅपटॉप विजेच्या बटणाला जोडलेला असताना आणि काम खरोखरच जड असतानाच ती वापरावी.

एक पद्धत सोडून दुसरी घेतली की यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. हे न केल्यामुळे “काहीच फरक पडला नाही” असे अनेकांना वाटते.

या ठिकाणी कार्डाची पिढी पाहणे अगत्याचे आहे. २०१८ मध्ये आलेल्या ‘ट्यूरिंग’ पिढीपासून पुढच्या कार्डांना मागणीनुसार पद्धतीत पूर्ण झोप घेता येते. ट्यूरिंग पिढीत ही सोय ड्रायव्हरच्या मांडणीत चालू करावी लागू शकते. त्यानंतरच्या ‘अँपिअर’ पिढीपासून ती बहुधा आपोआप चालू असते. त्याआधीची कार्डे मात्र कंपनीच्या ड्रायव्हरखाली मागणीनुसार पद्धतीत पूर्ण झोपत नाहीत. डुलक्या घेत थोडी वीज खातच राहतात. यास्तव २०१८ पूर्वीच्या कार्डाच्या लॅपटॉपवर दैनंदिन कामासाठी पहिलीच पद्धत ठेवावी, हा सरळ नियम समजावा.

शिक्षकांसाठी एक इशारा

पहिली पद्धत निवडल्यावर एक अडचण येऊ शकते आणि ती नेमकी वर्गात किंवा ग्रामसभेत लक्षात येते. अनेक लॅपटॉपमध्ये प्रोजेक्टरला जोडण्याची एचडीएमआय खाच थेट स्वतंत्र कार्डाला जोडलेली असते. ते कार्ड बंद केले की लॅपटॉपचा पडदा व्यवस्थित चालतो, परंतु प्रोजेक्टरवर काहीही उमटत नाही. मग तार बदलली जाते, प्रोजेक्टर दुरुस्तीला जातो आणि यंत्रात दोष नसताना शे-दोनशे रुपये व एक दिवस वाया जातो.

यावर उपाय असा. आपल्या लॅपटॉपची खाच कोणत्या कार्डाला जोडलेली आहे हे एकदाच तपासून घ्यावे. पहिल्या पद्धतीत प्रोजेक्टर जोडून पाहावा. चित्र आले तर प्रश्न मिटला. आले नाही तर प्रोजेक्टरच्या दिवशी दुसरी पद्धत निवडावी आणि कार्यक्रमानंतर पुन्हा पहिलीवर यावे. स्वामित्व योजनेतील गावठाणाचे नकाशे ग्रामस्थांना मोठ्या पडद्यावर दाखवावयाचे असतील, तर ही तपासणी आदल्या दिवशी करावी. सभेत शंभर माणसे बसली असताना यंत्र पुन्हा सुरू करण्याची पाळी येऊ नये.

कार्ड झोपले की नाही, हे कसे पाहावे?

पद्धत निवडली म्हणजे कार्ड झोपलेच, असे मानून चालू नये. तपासावे. लिनक्समध्ये प्रत्येक उपकरणाची अवस्था एका छोट्या फाईलमध्ये नोंदलेली असते. ग्राफिक्स कार्डाच्या ‘रनटाइम स्टेटस’ या फाईलमध्ये ‘सस्पेंडेड’ असे दिसले तर कार्ड झोपले आहे. ‘अ‍ॅक्टिव्ह’ असे दिसले तर ते जागे आहे.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. एनव्हिडिया कार्डाची माहिती देणारे ‘एनव्हिडिया-एसएमआय’ नावाचे साधन पुष्कळ जण वापरतात. परंतु ते साधन माहिती काढण्यासाठी कार्डाला जागे करते. झोपलेल्या माणसाचे दार ठोठावून “झोपलात का?” असे विचारण्यासारखेच हे. कार्ड सदैव जागे दिसते आणि बिचारा तपासणारा विनाकारण चिंता करीत बसतो. म्हणून झोप तपासण्यासाठी ते साधन वापरू नये.

दुसरी कसोटी प्रत्यक्ष विजेची. ‘पॉवरटॉप’ या मुक्तस्रोत साधनाने लॅपटॉप बॅटरीवर असताना किती वॉट वीज घेत आहे ते कळते. तार काढावी, पडद्याचा उजेड ठरावीक ठेवावा, पाच मिनिटे थांबावे आणि आकडा लिहून घ्यावा. मग पद्धत बदलून हाच प्रयोग पुन्हा करावा. दोन आकड्यांतील फरक म्हणजे आपल्या कार्डाची भूक. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग करून घेतला, तर वॉट, वॉट-तास आणि भागाकार हे तिन्ही विषय त्यांना एकाच वेळी उमगतील.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारे ‘वीजबचत’, ‘संतुलित’ आणि ‘कार्यक्षम’ हे पर्याय मुख्यतः प्रोसेसरच्या वेगासंबंधीचे असतात. ‘वीजबचत’ निवडल्याने स्वतंत्र कार्ड बंद होतेच असे नाही. ती निवड निराळी करावी लागते. दुसरी गोष्ट ड्रायव्हर बसवितानाची. यंत्रात ‘सिक्युअर बूट’ ही सुरक्षा चालू असेल, तर पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर आधी ठरविलेला परवलीचा शब्द विचारला जातो. घाबरून तो पडदा टाळला की ड्रायव्हर कामाला लागत नाही, आणि ड्रायव्हरच नसेल तर कार्डाला झोपविणार कोण? म्हणून तो शब्द लिहून ठेवावा आणि विचारल्यावर द्यावा.

मात्र सर्व दोष कार्डाच्या माथी मारू नये, हेही सांगितले पाहिजे. बॅटरी मुळातच जीर्ण झाली असेल, पडद्याचा उजेड पूर्ण असेल किंवा ब्राउझरमध्ये तीस पाने उघडी असतील, तर कोणतीही पद्धत फारसे काही करू शकणार नाही.

यंत्राची मालकी कोणाची?

मित्रहो, यंत्राविषयी असा विचार करणे वर्ध्याच्या मातीला नवे नाही. १९२९ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी आजही वाचण्याजोग्या आहेत. खेड्यातील झोपडीत तो चालावा, योग्य निगा राखल्यास वीस वर्षे टिकावा आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. शिवाय, स्पर्धकाने आपल्या रचनेचे पेटंटहक्क संघाच्या स्वाधीन करावेत, अशीही अट होती. बक्षीस कोणालाच मिळाले नाही, परंतु यंत्राला विचारावयाचे प्रश्न मात्र त्या अटींनी कायमचे ठरवून दिले. पुढे १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम उभे केले. तेथे तयार झालेला ‘मगनदीप’ रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळत असे. गावात जे आहे त्यावर यंत्र चालावे, हाच त्यामागील विचार होता. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी उद्घाटन केलेल्या मगन संग्रहालयात त्या विचाराची साक्ष मिळते.

लॅपटॉप हा चरखा नव्हे आणि तसा दावा मी करणार नाही. त्यातील चिप आपल्या गावात घडत नाही. परंतु चरख्याला विचारलेले प्रश्न त्यालाही विचारता येतात. आपल्या परिस्थितीत तो चालतो का? त्याची निगा जवळच्या माणसाला राखता येते का? आणि त्याची रचना कोणाच्या हाती आहे? मुक्तस्रोत प्रणालीचे महत्त्व या तिसऱ्या प्रश्नात आहे. ज्या कार्डाची संहिता बंद होती, त्याला नीट झोपविण्याची सोय मिळायला लिनक्स वापरणाऱ्यांना अनेक वर्षे थांबावे लागले. जेथे संहिता खुली होती, तेथे कोणीही दुरुस्ती करू शकले. मात्र खुलेपणाबरोबर एक जबाबदारीही येते. कोणती पद्धत निवडावी हे यंत्र आपल्याला विचारते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक असावे लागते.

आपण काय करावे?

त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. प्रत्येक शाळेने आणि ग्रामपंचायतीने लॅपटॉपच्या साठा नोंदवहीत चार नोंदी वाढवाव्यात: यंत्रात स्वतंत्र कार्ड आहे का व ते कोणत्या पिढीचे आहे, सध्या कोणती पद्धत चालू आहे, प्रोजेक्टर कोणत्या पद्धतीत चालतो, आणि बॅटरीवर यंत्र किती वॉट घेते. यंत्र निर्लेखित करण्याचा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी या चार नोंदी पाहाव्यात. कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी सर्व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे सुरक्षित ठेवावी. मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रे ऑफिस यांवरील पाठ मराठीतही आहेत. शाळेतील एका शिक्षकाने आणि पंचायतीतील एका कर्मचाऱ्याने ते पाहून घेतले तरी पुष्कळ काम होईल.

जिल्ह्यातील आठही तालुक्यांत, आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत, असे लॅपटॉप निघतील. त्यांतील काही खरोखरच कालबाह्य झाले असतील. परंतु जे केवळ एका न झोपलेल्या कार्डामुळे कपाटात गेले असतील, ते बाहेर काढून मुलांच्या आणि ग्रामस्थांच्या उपयोगी आणणे आपल्या हातात आहे. त्यासाठी लागतो तो अर्धा तास, एक प्रोजेक्टर आणि नोंदवहीतील चार ओळी. तेवढे आपण अवश्य करावे.